आजी चिडतात, आबा निघून जातात: स्मृतिभ्रंशाच्या काळजीचं प्रशिक्षण वाडीत कसं घ्यावं

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं विसरणं घरचे लोक निभावून नेतात. चष्मा शोधून देतात, तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकून घेतात. घर थकतं ते वेगळ्याच कारणांनी. आजी सुनेवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतात, आंघोळीला नेलं की बोचकारतात. आबा रात्री दोन वाजता कडी काढून खाडीच्या वाटेला लागतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत हे सगळं एकटी सून किंवा सत्तरीची बायको झेलत असते. मुलं मुंबईला, पुण्याला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. जिथली तरणी पिढी बाहेर असते तिथे हा भार उचलायला हात कमी, आणि ज्यांचे हात आहेत त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं.

मी अशा सांभाळणाऱ्यांसाठी वाडीवस्तीत प्रशिक्षणं घेते. आशाताई, उपकेंद्रातल्या परिचारिका, महिला मंडळ किंवा एखादं जाणतं घर, कुणालाही ते घेता यावं म्हणून त्याची रीत इथे सविस्तर लिहीत आहे. सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधीच सांगते: मारणं, ओरडणं, पळून जाणं हा त्या माणसाचा स्वभाव किंवा खोडसाळपणा नसतो. दुखतंय, भीती वाटतेय, लघवीला लागलीय, कंटाळा आलाय, हे सांगायला शब्द उरले नाहीत की माणूस अंगानं सांगतो. त्यामुळे शिकायचं आहे ते आवरणं कमी आणि ओळखणं जास्त.

कधी घ्यावं, कुणाला बोलवावं

लावणीच्या दिवसांत कुणी येणार नाही. आंब्याच्या मोसमात नाही, गणपतीत आणि शिमग्यात तर नाहीच. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ सोयीचा. आठ-दहा माणसांचा गट, आठवड्यातून एकदा दोन तास, अशी चार सत्रं पुरतात. जागा देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग किंवा कुणाच्या घरची ऐसपैस पडवी. शहरातल्या रुग्णालयाच्या सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून हे होत नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्या न्हाणीघरात भांडण होतं त्या न्हाणीघराचा उंबरा किती उंच आहे, हे तिथे जाऊनच कळतं.

आमंत्रण देताना दोन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली, घरातला निदान एक पुरुष यावा. बाईनं शिकायचं आणि पुरुषानं रात्री ओरडून सगळं मोडायचं, असं झालं तर श्रम वाया जातात. दुसरी, सत्र चालू असताना त्या आजारी माणसाजवळ कोण बसणार हे आधी ठरवा. ही सोय केली नाही तर ज्या बाईला गरज सगळ्यात जास्त, नेमकी तीच येऊ शकत नाही.

पहिलं सत्र: त्यांच्या जागी बसणं, मग शरीर तपासणं

सुरुवात भाषणानं करू नका. एका सुनेच्या कानात कापसाचे बोळे घाला, चष्म्याच्या काचांना तेलाचं बोट लावा, हातांत जाड मोजे चढवा आणि तिला ब्लाउजची बटणं लावायला सांगा. त्याच वेळी दोघींनी दोन्ही बाजूंनी घाई करावी, एकीनं मागून येऊन पदर ओढावा. मिनिटभरात ती वैतागते, हात झटकते. मग तिलाच विचारा, काय वाटलं. पुढचा अर्धा तास तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

त्यानंतर एक नियम पक्का पाठ करून घ्यायचा. वागणं काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत एकदम बिघडलं, तर ते दुखणं जुन्या आजाराच्या माथी मारायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, न्यूमोनिया, वैशाखात पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, आठवड्यापूर्वी पडून डोक्याला लागलेला मार, नव्यानं सुरू झालेली गोळी, यांतल्या कशानंही म्हातारं माणूस भ्रमात जातं. पावसाळ्यात ताप असेल तर आपल्याकडे लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप), मलेरिया, डेंग्यू हे तिन्ही मनात ठेवावे लागतात. याची दुसरी, फसवी बाजूही असते: नेहमी फिरणारे आबा अचानक गप्प, झोपाळू झाले तर घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तीही धोक्याची खूण आहे.

काही घरांत याला बाहेरची बाधा समजतात. त्यावर मी वाद घालत नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, पण त्याच दिवशी लघवीची तपासणीही करून घ्या. एवढं म्हटलं की माणसं ऐकतात.

रोजच्या बारीक दुखण्यांकडेही बघायला शिकवा: सैल झालेली कवळी, किडलेली दाढ, कानातला मळ, वाढलेला मोतीबिंदू, पायाचं कुरूप, गुडघा. दुखतंय का, असं विचारून उत्तर मिळेलच असं नाही. कुशीवर वळवताना कपाळाला आठी पडते का, एकाच जागी हात जातो का, उठवताना कण्हतात का, हे पाहायचं. आजी आंघोळीला का चिडतात याचं उत्तर अनेकदा न वळणाऱ्या खांद्यात सापडतं.

वही

पहिल्या सत्राहून प्रत्येकानं शाळेची साधी वही घेऊन जायचं. दोन आठवडे लिहायचं. चार रकाने: वेळ आणि जागा, आधी काय चाललं होतं, त्यांनी नेमकं काय केलं, आपण काय केलं आणि त्याचं काय झालं.

'चिडले', 'त्रास दिला', 'मुद्दाम केलं' हे शब्द वहीत चालणार नाहीत, असं सांगून ठेवा. ते आपल्या मनातलं सांगतात, घडलेलं सांगत नाहीत. चांगली नोंद अशी असते: 'मंगळवार, संध्याकाळी साडेसहा, पडवी. वीज गेली. शेजारचे दोघे मोठ्यानं बोलत होते. आबा उठले, काठी आपटून "भायर व्हा" म्हणाले. मी दंडाला धरून बसवायला गेले, मला ढकललं. माणसं गेल्यावर आणि दिवा लावल्यावर पंधरा मिनिटांत निवले.'

अशा आठ-दहा नोंदी ओळीनं वाचल्या की घरच्यांनाच वाट दिसते. काळोख, अनोळखी आवाज आणि दंडाला धरणं, तिन्ही एकत्र आले की हात उगारला जातो. मग यातलं काय बदलता येईल? वीज जाणं आपल्या हातात नाही, पण दिवेलागणीच्या आधी चार्जिंगचा दिवा लावून ठेवणं आहे. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाची तोवरची वही गटात वाचायची, सगळ्यांनी मिळून एकच बदल सुचवायचा आणि तो आठवडाभर करून बघायचा. पाच बदल एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

आयुष्य माहीत हवं

वहीच्या शेवटच्या पानावर त्या माणसाचं आयुष्य लिहून आणायला सांगा. जन्म कुठला, माहेर कुठलं, काम काय केलं, कशाची भीती होती, कुठला पदार्थ जिवाभावाचा. हाक काय मारतात तेही. पंचायतीच्या कागदावर काही का नाव असेना, 'बाय' म्हटल्यावरच वळून बघणाऱ्या आजी असतात.

कोकणात हे पान फार उपयोगी पडतं, कारण इथल्या अनेक म्हाताऱ्यांचं अर्धं आयुष्य मुंबईत गेलेलं आहे. समजा, आबा पहाटे चारला उठून शर्ट चढवतात आणि 'पाळी चुकेल' म्हणून दाराशी झटापट करतात. हे वेड नाही. ते मुंबईच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरणी सुटली आणि ते गावी परतले. त्यांच्या मनात मात्र भोंगा अजून वाजतो. 'गिरणी कधीच बंद झाली, झोपा' असं सांगणं म्हणजे त्यांना रोज पहाटे नव्यानं बेकार करणं. त्यापेक्षा दिवा लावा, चहा द्या, 'आबा, तुमचा साचा कुठल्या बाजूला होता?' असं विचारा. दहा मिनिटं बोलले, हातात डबा आला, अंगणात एक फेरी झाली की बरेचदा ते आपणहून शर्ट काढून ठेवतात. दर्यावर गेलेला माणूस भरतीची वेळ धरून उठतो. त्याच्या हातात जाळ्याचा तुकडा आणि दोरी दिली की बोटं आपोआप गाठी मारायला लागतात.

खोटं बोलावं का, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईबद्दल आजी 'आवस खंय गेली?' म्हणून विचारतात. ती वारली असं प्रत्येक वेळी सांगितलं तर प्रत्येक वेळी दुःख ताजं होतं. 'बाजारात गेलीय' असं सांगितलं तर वाट बघत बसतात आणि पुन्हा बेचैन होतात. मी दोन्ही टाळते. 'आवशीची आठवण येता? काय काय करून घालायची ती?' असं विचारलं की त्या घावन-रसाबद्दल बोलू लागतात. आईची ओढ होती, तिला जागा मिळाली. आपल्याला खोटंही बोलावं लागलं नाही.

तालीम

तिसरं सत्र पूर्ण तालमीचं. एकानं आजी व्हायचं, दुसऱ्यानं सून. ऐकून हे येत नाही, शरीराला सवय लागावी लागते.

आधी जवळ जाण्याची रीत. मागून किंवा कुशीकडून जायचं नाही. समोरून यायचं, दोन हातांवर थांबायचं, आपलं नाव आणि नातं सांगायचं. त्या बसल्या असतील तर आपणही खाली बसायचं. एका वेळी एक छोटं वाक्य, आणि मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. ही गप्प राहण्याची तालीम सगळ्यांना सगळ्यात अवघड जाते. उत्तर यायच्या आत आपण दुसरा प्रश्न फेकतो. मनगट पकडायचं नाही. आपला तळवा वर करून पुढे धरायचा, त्यांना धरू द्यायचं.

आंघोळ हा रोजचा रणसंग्राम असतो, म्हणून तिच्यावर वेळ घालवा. 'चला आंघोळीला' असं नुसतं म्हणून नेऊ नका. न्हाणीघर आधी उबदार करा, ओली घसरडी फरशी पुसून तिच्यावर न सरकणारी चटई टाका. चटई काळी नको, त्यांना तो खड्डा वाटतो. पाणी आधी त्यांच्या हातावर घालून पाहू द्या. डोक्यावर एकदम तांब्या ओतायचा नाही. पावलांपासून सुरू करून वर जायचं, डोकं शेवटी किंवा वेगळ्या दिवशी. ज्या बाईनं जन्मभर अंगावरचं लुगडं पुरतं सोडलं नाही, तिला उघडं करून धुणं हा तिच्या लेखी अत्याचार आहे. मोठा पंचा अंगावर ठेवून त्याखालून धुता येतं. तांब्या त्यांच्या हातात दिला तर निम्मा विरोध तिथेच मावळतो. आणि रोज आंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट सोडा. एक दिवसाआड ओल्या पंचानं अंग पुसून, मांड्या-काखा स्वच्छ ठेवल्या तरी चालतं.

चोरीचा आळ. सून म्हणते, 'मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या?' आणि भांडण पेटतं. सासूबाईंना खात्रीच असते की वस्तू गेली, कारण ठेवल्याचं आठवत नाही. 'गेल्या? थांबा, आपण दोघी शोधू,' असं म्हणून उठायचं आणि त्यांनाच सापडू द्यायच्या. लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात: तांदळाची कणगी, उशीचा अभ्रा, जुनी ट्रंक, देवघरातला डबा. खरे दागिने सुरक्षित ठेवा, हाताशी साधा बटवा असू द्या. शेजारणींना आणि नणंदेला आधीच विश्वासात घेऊन सांगा की हा आजार आहे. हे सांगितलेलं नसलं की वाडीत सुनेचं नाव खराब होतं, आणि ते दुखणं आजारापेक्षा जास्त दिवस टिकतं.

दिवेलागणीला 'माका घराक जावचा आसा' सुरू होतं. स्वतःच्याच घरात बसून घरी जायचं म्हणतात, तेव्हा त्यांना हवं असतं ते सुरक्षित वाटणं. पुष्कळदा दमणूक, भूक आणि लांब पडलेल्या सावल्या एकत्र आलेल्या असतात. चारच्या सुमारास थोडं खायला द्या, काळोख पडायच्या आधी दिवे लावा, आरशावर कापड टाका, टीव्ही बंद करा. हातांना काम द्या: भिजवलेले वाल सोलणं, कापसाच्या वाती वळणं, लसूण सोलणं. परवचा किंवा ओळखीचं भजन म्हणा. शब्द गेलेल्या माणसाच्या तोंडीही अभंग येतो. तरीही निघालेच तर अडवू नका. 'चला, आधी चाय घेवया, मग जावया,' म्हणून सोबत अंगणात एक चक्कर मारा.

हात उगारला तर काय? मागे सरा, हाताच्या टप्प्याबाहेर एका बाजूला तिरकं उभं राहा, दाराची वाट त्यांना मोकळी ठेवा. एकच माणूस बोलेल, हळू. बाकीच्यांनी बाहेर जायचं. केस धरले तर ओढून सोडवू नका. त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धरा, ओढ थांबते आणि पकड सैल होईपर्यंत वेळ मिळतो. चौघांनी धरून खाली दाबणं जीवघेणं ठरू शकतं.

भर अंगणात कपडे काढणं, धोतर सोडणं याबद्दल घरचे बोलायला लाजतात. तो विषय तुम्हीच काढा. बहुतेक वेळा उकाडा, खाज किंवा लघवीची घाई एवढंच असतं. सैल, सोपे कपडे आणि दर दोन तासांनी संडासाकडे नेणं, एवढ्यानं पुष्कळ सुटतं.

गणपतीचं वेगळं सांगायला हवं. घर भरतं, चाकरमानी येतात आणि प्रत्येक जण म्हाताऱ्यासमोर वाकून विचारतो, 'माका वळाखलंस काय?' ही परीक्षा आहे आणि ते दर वेळी नापास होतात. निघण्याआधीच मुंबईला फोन करून सांगा: आल्यावर आपलं नाव आणि नातं आपणच सांगायचं, एका वेळी दोघांनीच भेटायचं. टाळ-झांजांच्या आरतीला त्यांना मागच्या पडवीत किंवा शेजारी न्या. दूर्वा निवडायला बसवलं तर सणात त्यांचाही हात लागतो.

घर, विहीर आणि वाट

चौथं सत्र घरोघरी फिरून घ्या. पहिलं काम विहिरीचं. कठडा ठेंगणा असेल तर वर लोखंडी जाळी बसवा. हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. जांभ्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग द्या, पावसात शेवाळ खरवडून काढा. कोयती, विळी, बागेतल्या फवारणीची औषधं, उंदराचं औषध कुलपात. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद. दाराला गुरांच्या गळ्यातली घंटा बांधली तरी उघडल्याचं कळतं. कडी नेहमीच्या जागेऐवजी खूप वर किंवा खाली लावता येते, पण माणसाला आत एकटं कोंडून कधीही जायचं नाही. आग लागली तर बाहेर पडता येणार नाही. खाटेला बांधणं तर नाहीच. मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडानं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनाई आहे, आणि बांधलेलं माणूस जास्त झगडतं, जखमी होतं.

अलीकडचा फोटो, नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कोपरीच्या किंवा सदऱ्याच्या आत शिवून टाका. दुकानदार, रिक्षावाले, एसटी थांब्यावरचा चहावाला आणि तरीवरचा माणूस, सगळ्यांना ओळख करून द्या. हरवलेच तर पहिल्या काही मिनिटांत विहीर, तळं आणि खाडीचा काठ. मग जुन्या पायवाटा: माहेरची, बंदराची, थांब्याची. त्याच वेळी दुसऱ्यानं ११२ वर फोन करायचा. चोवीस तास थांबायचं असतं ही समजूत चुकीची आहे, आणि ती जीव घेते.

गोळ्या

'झोपेचं काहीतरी द्या' म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो, पडायची शक्यता वाढते. सर्दीच्या साध्या औषधांतलं क्लोरफेनिरामिनसुद्धा म्हाताऱ्या मेंदूला बाधतं. उग्र वागण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक (तीव्र मनोविकारांवरच्या) औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ साली कडक इशारा दिला: स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत ती घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका तुलनेसाठी औषध नसलेली नुसती गोळी दिलेल्यांच्या मानाने साधारण १.६ ते १.७ पट दिसला होता. म्हणून ती कधीच नकोत असं नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला खरा धोका असेल, बाकी सगळं करून झालं असेल, तर कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी डॉक्टर देतात. तेव्हा घरच्यांनी विचारायचं: कुठल्या वागण्यासाठी देताय, कधी बंद करून बघायची, कुठली खूण दिसली तर लगेच यायचं? अंग ताठरणं, लहान मुलं-प्राणी दिसणं आणि दिवसागणिक चढउतार अशी लक्षणं असतील तर ती आवर्जून सांगा. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फार घातक ठरतात. चालू असलेली गोळी मात्र मनानं एकदम तोडू नका. वही बरोबर न्या. पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना तिच्यातून जे कळतं ते सांगून कळत नाही. जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय ही आपल्याकडची सरकारी ठिकाणं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलतो.

सांभाळणाऱ्याचं काय

शेवटच्या सत्राचा एक तास यासाठी राखून ठेवाच. राग येतो. हात उगारावासा वाटतो. हे गटात मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. तसं वाटलं तर त्यांना सुरक्षित बसवून परसात जायचं, कुणाला तरी हाक मारायची. सलग रात्री जागणारी बाई कितीही शिकली तरी तिच्या हातून नीट होणार नाही, तेव्हा रात्रीची पाळी वाटून घेणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

मुंबईच्या भावंडांना याच सत्रात व्हिडिओ कॉलवर घ्या. पैसे कोण किती पाठवणार आणि वर्षातले कुठले आठवडे कोण येऊन राहणार, हे दोन्ही तारखांसकट लिहून घ्या. नुसते पैसे पाठवून सुनेला झोप मिळत नाही. घरात वाद असतील किंवा म्हाताऱ्या माणसाची हेळसांड होत असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा नंबर आहे. घरी बसून आणखी शिकायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं सांभाळणाऱ्यांसाठी 'आयसपोर्ट' नावाचं प्रशिक्षण तयार केलेलं आहे.

सत्रं संपल्यावर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी एक भेट, मग तीन महिन्यांनी दुसरी. वही उघडून मोजा: आठवड्यात किती वेळा हात उगारला, किती रात्री दार उघडलं. आठवरून तीनवर आलं तर ते मोठं यश आहे. शून्य होईल अशी आशा कुणाला लावू नका. तिसऱ्या महिन्यातल्या भेटीत आजार पुढे सरकला आहे का हेही पाहा. फिरणारे आबा खाटेला लागले असतील तर जाळी-घंटांचा विषय मागे पडतो आणि भरवताना ठसका लागू नये म्हणून ताठ बसवणं, पेज दाट ठेवणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, हे नव्यानं शिकवावं लागतं.